देवगडपर्यंत पोहोचणारी मेल

नोकरी संपवून देवगडच्या घरी राहायला आल्यावरही संस्थेच्या संगणकावरचे माझे युनिक्स खाते चालू राहिले आणि जुने विद्यार्थी अजूनही त्याच पत्त्यावर लिहितात. आषाढात वीज गेली की काही वेळाने मोबाइलची रेंजही जाते. अशा दिवसांत दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून मेल वाचणे जमत नाही. म्हणून तिथली मेल मी माझ्या रोजच्या पत्त्याकडे वळवली, म्हणजे रेंज आली की ती फोनवर आपोआप उतरते.

त्यासाठी होम डिरेक्टरीत, म्हणजे खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, डॉट फॉरवर्ड (.forward) या नावाची साधी फाइल करून तिच्यात नवा पत्ता लिहायचा. सेंडमेल आणि पोस्टफिक्स हे सर्व्हरवर मेल पोहोचवणारे दोन्ही प्रोग्राम ती वाचतात. मात्र नुसता पत्ता लिहिला तर मूळ खात्यात काहीच उरत नाही. त्यामुळे मी आधी बॅकस्लॅश, त्याला जोडून लॉगिन नाव, मग स्वल्पविराम आणि नवा पत्ता असे लिहिले. बॅकस्लॅशमुळे ते नाव पुन्हा फॉरवर्ड होत नाही आणि एक प्रत तिथेच राहते. फाइल व्हीआय या संपादकातच लिहावी, कारण मजकूर फाइलमध्ये टाकायला एको आज्ञा देताना अवतरणचिन्हे द्यायची राहून गेली तर शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, तो बॅकस्लॅश गिळून टाकते.

पहिल्या दिवशी एकही मेल आली नाही. फाइलवर ग्रुपलाही लिहिण्याची परवानगी होती, आणि दुसऱ्या कोणाला बदलता येईल अशी फाइल सेंडमेल मानत नाही. परवानगी ६४४, म्हणजे लिहिणे फक्त मालकाला आणि वाचणे सर्वांना, अशी केल्यावर मेल सुरू झाली.

खरी अडचण पुढची आहे. फॉरवर्ड झालेल्या मेलच्या लिफाफ्यावर मूळ पाठवणाऱ्याचाच पत्ता राहतो, पण ती येते संस्थेच्या सर्व्हरवरून. आपली मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची यादी म्हणजे एसपीएफ नोंद; पाठवणाऱ्याच्या डोमेनने तिच्यात जाहीर केलेल्या सर्व्हरांत हा सर्व्हर नसल्याने तपासणी फसते आणि मेल स्पॅममध्ये पडते किंवा नाकारली जाते. डीकेआयएम, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही, मजकुरावर असते, त्यामुळे वाटेत काही बदलले नाही तर ती टिकते. पण प्रत्येक जण सही करत नाही. हे माझ्या हातात नाही, म्हणूनच मूळ खात्यातील प्रत मला इतकी महत्त्वाची वाटते.

श्रावणात एका विद्यार्थिनीने शिफारसपत्र मागितले होते. फोनवर ती मेल आलीच नाही. रविवारी लॉगिन केल्यावर त्या प्रतीतच सापडली, आणि मुदतीला तेव्हा दोन दिवस उरले होते.