बेर्गामोचं इनडोअर टेनिस

मिलानहून ट्रेनने तासाभराच्या आत बेर्गामो येतं. बऱ्याच प्रवाशांना हे गाव फक्त ओरिओ अल सेरिओच्या विमानतळामुळे ठाऊक असतं. स्वस्तातल्या विमानाने उतरायचं आणि बाहेर येऊन लगेच मिलानची बस धरायची. मी जर्मनीत नोकरीला असताना, 2021 च्या नोव्हेंबरात, इथे मुद्दाम टेनिस बघायला गेले.

बेर्गामोची स्पर्धा चॅलेंजर पातळीची. विम्बल्डनसारखी ग्रँड स्लॅम सर्वांत वर, त्याखाली एटीपी टूर म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या मुख्य स्पर्धा आणि त्याही खाली चॅलेंजर. जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात शिरू पाहणारे आणि तिथून घसरलेले, दोघंही इथे भेटतात. एरवी बास्केटबॉल-व्हॉलीबॉलचे सामने होतात त्या क्रीडागृहात कोर्ट मांडतात. छताखाली वारा नाही, डोळ्यांवर ऊन नाही, त्यामुळे सर्व्हिस चांगली असणाऱ्याचं फावतं. आणि आवाज! चेंडू रॅकेटवर बसला की तो टणत्कार चारही भिंतींवरून परत येतो. खेळाडू इतके जवळ, की प्रत्येक फटक्यामागचा श्वास ऐकू येतो. मोठ्या स्टेडियममध्ये हे सुख मिळत नाही.

इथल्या विजेत्यांची यादी मला फार आवडते. 2009 मध्ये लुकाश रोसोल जिंकला; त्यानेच 2012 मध्ये विम्बल्डनला नदालला घरी पाठवलं. 2018 मध्ये मातेओ बेरेत्तिनी, तीन वर्षांनी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत. 2017 चा विजेता येर्झी यानोविच मात्र उलट्या दिशेने आला होता. 2013 मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी खेळलेला हा उंचापुरा पोलिश खेळाडू दुखापतींनी खाली ओढला गेला आणि इथे पुन्हा उभा राहायला आला. मला त्याचं जिंकणं बाकीच्यांपेक्षा मोठं वाटतं. वर जाताना या पायरीवर पाय ठेवणं सोपं असतं. वरून आल्यावर त्याच पायरीवर मनापासून खेळायला वेगळी छाती लागते.

आणि 2019. साडेसतरा वर्षांचा यानिक सिनर, क्रमवारीत 546 वा, वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, आला आणि अंतिम सामन्यात रोबेर्तो मारकोराला 6-3, 6-1 असं हरवून गेला. 2001 साली जन्मलेल्यांपैकी चॅलेंजर जिंकणारा तो पहिला. जून 2024 मध्ये तो जगात पहिल्या क्रमांकावर पोचला.

त्यापुढे 2020 ची जागा रिकामी आहे. एन्झो कुआको आणि इलिया मार्चेंको अंतिम फेरीत पोचले होते, पण लोम्बार्दीत, म्हणजे बेर्गामो ज्या प्रांतात आहे तिथे, कोरोना पसरला आणि तो सामना झालाच नाही. पुढच्याच महिन्यात याच गावातून शवपेट्या घेऊन निघालेले लष्करी ट्रक साऱ्या जगाने पाहिले. मी गेले तेव्हा दारात लसीचं प्रमाणपत्र तपासत होते, सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. तरीही टाळ्या जोरात पडत होत्या. जे गाव एवढं भोगून बाहेर आलं, त्याने ही स्पर्धा पुन्हा भरवली, याचंच मला भरून आलं.

सकाळचा वेळ वरच्या गावात, चित्ता आल्तामध्ये काढा. फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी गाडीने, वर जायचं, व्हेनिसच्या राजवटीत बांधलेल्या तटावरून चालायचं. हा तट 2017 पासून जागतिक वारसा यादीत आहे. स्त्राच्यातेल्ला, म्हणजे चॉकलेटचे बारीक तुकडे घातलेलं पांढरं आइस्क्रीम, याच गावात 1961 मध्ये जन्मलं. थंडी असली तरी खाच.

मी बघितलेला 2021 चा अंतिम सामना अठरा वर्षांच्या होल्गर रूने आणि तुर्कस्तानच्या जेम इल्केलमध्ये झाला. दोनच महिन्यांपूर्वी अमेरिकन ओपनच्या पहिल्याच फेरीत रूनेने जोकोविचकडून एक सेट काढला होता आणि मग पायात गोळे येऊन त्याचं काही चाललं नव्हतं. इथे त्याने 7-5, 7-6 अशी बाजी मारली. दोन्ही सेट अटीतटीचे. बरोबर पुढच्या नोव्हेंबरात पॅरिस मास्टर्स या एटीपी टूरच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याच जोकोविचला हरवून तो पहिल्या दहांत गेला. ती बातमी वाचताच मी पुण्यातल्या भावाला फोन लावून सांगितलं, "अरे, ह्याला मी दहा हातांवरून बघितलंय!"