इंदूरची थंडी, गराडू आणि सिल्क रूट

अवंतिका एक्स्प्रेस पहाटे रतलामला लागली की डब्यातलं कुणी ना कुणी 'जब वी मेट'चं नाव काढतंच. या खेपेला समोरच्या बर्थवरच्या मुलीने काढलं. सिनेमात करीनाची गाडी सुटते ते हे स्टेशन. ती शाल गुंडाळून दारात उभी राहून फलाटाचा व्हिडिओ काढत होती आणि फोनवर 'तुम से ही' लावलं होतं, अर्थात बिनहेडफोनचं. मी खाली उतरून शेव घेतली. इंदूरला शेव घेऊन जाण्यात तसा काही अर्थ नाही, तिथे ती गल्लोगल्ली मिळते. पण रिकाम्या हाताने गेलं तर मावशी बोलते.

निमित्त मावशीच्या पंच्याहत्तरीचं होतं. नागदा, उज्जैन, देवास करत गाडी इंदूरला पोचली. दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, स्टेशनावर आला होता. मफलर, कानटोपी आणि तोंडात "काय भिया, झोप झाली का?" होळकरांच्या मागोमाग इथे येऊन राहिलेली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या माळव्याची झाली आहेत. घरात मराठी, दारात हिंदी, आणि जिन्यावर दोन्हींचं मिश्रण. वहिनीने पोहे पुढे ठेवले. ते आपल्यासारखे कढईत परतलेले नाहीत, वाफवलेले: वर बारीक शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जिरावन मसाल्याची चिमूट. बाजूला जिलबी. पहिल्या घासाला गोड आणि तिखट एकदम नको वाटतं, नंतर दुसरी प्लेट मागावी लागते.

पंच्याहत्तरी यथासांग झाली. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळताना एकीचा पदर पेटता पेटता वाचला, बाकी सगळं असतं तसंच. या लिखाणाचा विषय खरं तर त्या रात्रीपासून सुरू होतो.

पाहुणे पांगल्यावर दादा, पुतण्या आणि मी सराफ्याला निघालो. गाडीत पुतण्याने 'रॉकस्टार' लावलं. मी सहज म्हटलं, मोहित चौहानचा हा आवाज पहाटे रतलामलाही 'तुम से ही'त भेटला. झालं. दादाने गाडी जवळजवळ थांबवलीच. "हा मोहित चौहान नाहीच. खरा मोहित चौहान 'बूंदें'मध्ये आहे. बँड सोडला आणि माणूस भाड्याने दिला."

"बाबा, तो बँड कुणाला माहितीये?" पुतण्या मागून.

हे वाक्य त्याने म्हणायला नको होतं.

ज्यांना खरंच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिल्क रूट हा दिल्लीचा चौघांचा बँड. 1998 साली त्यांचा 'बूंदें' हा अल्बम आला. त्यातल्या 'डूबा डूबा'चा पाण्याखाली चित्रित केलेला व्हिडिओ तेव्हा म्युझिक चॅनेलवर सारखा लागायचा. 2000 साली 'पहचान' आला आणि मग बँड विस्कटला. मोहित चौहान मूळचा हिमाचलमधल्या नाहनचा, शास्त्रीय तालीम न घेतलेला. तो पुढे सिनेमात गायला लागला: 2006 साली 'रंग दे बसंती'त रहमानकडे, 2007 साली 'जब वी मेट'मध्ये प्रीतमकडे, 2009 साली 'दिल्ली 6'मधलं 'मसकली', आणि 2011 साली 'रॉकस्टार'. 'मसकली' आणि 'रॉकस्टार'मधलं 'जो भी मैं' या दोन गाण्यांसाठी फिल्मफेअरही मिळालं. पुतण्याचा जन्म बँड संपल्यानंतरचा. दादाचं लग्न बँड जोरात असताना ठरत होतं. एवढं सांगितलं की दोन्ही बाजू कळतात.

सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीचा बाजार. रात्री दुकानांची शटर खाली आली की त्याच ओट्यांवर आणि ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात, ती मध्यरात्र उलटेपर्यंत. डिसेंबर असल्याने गराडू होता. हा कंद थंडीतच मिळतो. आधी एकदा तळून ठेवलेले तुकडे गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत जातात, कडा करकरीत होईपर्यंत. मग पातेल्यात टाकून वर मसाला, वर लिंबू, आणि पातेल्याला एक झटका. द्रोण हातात येतो तेव्हा बोटं भाजतात, पण फुंकर मारत बसलं तर कडा मऊ पडतात, त्यामुळे भाजूनच खायचं. तिथे दादाचा कॉलेजातला मित्र येऊन मिळाला. चहापत्तीचा घाऊक व्यापार करतो, पण कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, आणि अजूनही बोलताना ओट्यावर ताल धरतो. दादाने त्याला साक्षीदार म्हणूनच बोलावलं होतं.

साक्षीदाराने भुट्ट्याच्या किसाचा द्रोण संपवला आणि मुद्द्यावर आला. "तू नुसता आवाज ऐकतोस," तो पुतण्याला म्हणाला. "'बूंदें'मध्ये आवाजाच्या आजूबाजूला कोण काय करतंय ते ऐक. ते रेकॉर्डर, शाळेत पोरं वाजवतात ना ती उभी बासरी, ते असं मध्येच येतं आणि निघून जातं. मोहित स्वतः माउथऑर्गन वाजवतो. ड्रमवाला मुद्दाम कमी वाजवतो. कमी वाजवणं सगळ्यात अवघड असतं भिया, आमच्याकडून कधी झालं नाही."

दादाचं म्हणणं याच्याही पुढचं. त्याच्या मते त्या अल्बममध्ये मोहित थोडा आळसावून गातो, शब्द सोडायला उशीर करतो, आणि बाकीचे तिघे त्याची वाट बघतात. सिनेमात वाट बघायला कुणाला वेळ नाही. आवाज थांबला की मागून व्हायोलिनं भरून येतात.

पुतण्या मागे हटणारा नव्हता. 'रॉकस्टार'मधलं 'फिर से उड चला' ऐका म्हणाला. धड मुखडा नाही, धड अंतरा नाही, गाणं नुसतं भटकतं आणि मोहित त्याच्याबरोबर. "हे कुठल्या बँडला सुचलं असतं?" आणि मग त्याने ठेवणीतला पत्ता टाकला. 'डूबा डूबा' प्रसून जोशींनी लिहिलंय. 'मसकली'ही त्यांनीच. शब्द तेच, गळा तोच. मग विकलं गेलं ते नक्की काय?

चहापत्तीवाल्याने ताल थांबवला. दादाने दहीवडे मागवले. दहीवडेवाल्याने दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून पुन्हा तळहातावर झेलला, मग एकाच चिमटीत धरलेले मसाले एकामागून एक वेगवेगळे सोडले. लाल, मग पांढरा, मग काळा. आम्ही सगळे तिकडे बघत राहिलो, त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं.

माझं स्वतःचं मत त्या रात्री परतताना तयार झालं. वाद 'बँड की सोलो' असा चालला होता, आणि त्यातला सोलो कुठे होता तेच मला दिसेना. सिनेमातलं गाणं गायकाचं नसतं. चाल संगीतकाराची, प्रसंग दिग्दर्शकाचा, ओठ हिरोचे. गायक येतो, काचेपलीकडे उभा राहतो, तयार ट्रॅकवर गातो आणि जातो. हे वाईट आहे असं अजिबात नाही, आपलं निम्मं आयुष्य त्या गाण्यांवर गेलंय. पण चौघांनी एका खोलीत बसून गाणं रचणं आणि बोलावल्यावर जाऊन गाणं, या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. बँड सोडून मोहित एकटा झाला नाही, तो दुसऱ्यांच्या घरात राहायला गेला. 'रॉकस्टार' इतका उठून दिसतो त्याचंही कारण मला यातच दिसतं. तिथे रहमान आणि इम्तियाज अलीने रणबीरच्या पात्राला जवळजवळ सगळीकडे हाच एक गळा दिला. एक माणूस, एक आवाज, दर्ग्यापासून स्टेडियमपर्यंत. हिंदी सिनेमात हल्ली एका हिरोला एकाच सिनेमात तीन-तीन गळे असतात. इथे आवाजाला पात्राएवढा पैस मिळाला. म्हणजे सिनेमाने त्याला जे बँडने दिलं होतं तेच परत दिलं: रेंगाळायला जागा.

सकाळी हे मी राजवाड्यासमोर उभं राहून दादाला सांगितलं. सात मजल्यांची ती वास्तू, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, 1984 च्या दंगलीत जळलेली आणि पुन्हा उभी केलेली. दादा म्हणाला, "तू वकील व्हायला पाहिजे होतास," आणि आत तिकीट काढायला गेला. हे मान्य केल्याचं लक्षण की नाही ते कळलं नाही.

दुपारी जेवायला दादाचे सासरे आले. ऐंशीच्या घरातले, शास्त्रीय संगीताचे पक्के कानसेन, अमीर खाँसाहेबांना इंदुरात समोर बसून ऐकलेले. त्यांना आम्ही वाद समजावून सांगितला. त्यांनी श्रीखंडाची वाटी बाजूला केली. "अहो, खाँसाहेब 'बैजू बावरा'त गायले, 'झनक झनक पायल बाजे'त गायले. त्यांची बैठक त्यामुळे कमी झाली का? आणि लता इथलीच. शीख मोहल्ल्यात जन्मली, 1929 साली. तिचा कुठला बँड होता?" मी म्हटलं, अप्पा, लताबाईंच्या पाठीशी तेव्हाचे वादक होते, संगीतकार महिनोन्‌महिने तालमी घ्यायचे. ते म्हणाले, "म्हणजे तुमचा मुद्दा तालमीचा आहे, बँडचा नाही." श्रीखंडाची वाटी पुन्हा जवळ ओढली. या वयात इतकं नेमकं बोलता यावं.

परतीच्या आदल्या दिवशी देवासला टेकडीवर देवीच्या दर्शनाला जायचं ठरलं. वहिनी पुढे, दादा गाडी चालवत, मी आणि पुतण्या मागे. वाद जरा खाली बसल्यासारखा वाटला म्हणून मी 'फितूर' लावा म्हटलं. 2009 सालचा हा मोहितचा खरोखरचा सोलो अल्बम, ना सिनेमाचा ना बँडचा. गंमत अशी की दादाने तो कधी ऐकला नव्हता, कारण बँड सुटल्यानंतरचा. पुतण्याने ऐकला नव्हता, कारण त्यात कुठला सिनेमा नाही. दोघे दोन रात्री एकमेकांचे गळे धरत होते आणि ज्या एका जागी तो माणूस एकटा सापडला असता तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

'माई नी मेरीए' आलं. हे हिमाचली लोकगीत आहे, लेक आईला शिमल्याची वाट विचारते, चंबा किती दूर म्हणून विचारते. वाद्यं फार नाहीत. मोहित इथे कुणाला पटवायला बघत नाही, घरातल्या बोलीत गातो तसं गातो. बाहेर गव्हाची हिरवी शेतं, देवासचा रस्ता. कुणी बोललं नाही, म्हणजे गाणं संपेपर्यंत. मग दादाने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं. "हेच बँडबरोबर झालं असतं तर..."

वहिनीने वळून पाहिलं. आतापर्यंत ती या वादात पडली नव्हती. "अहो, दोन दिवस बँड बँड चाललंय. त्या बँडमधल्या बाकीच्या तिघांनी नंतर काय केलं ते शोधलंत का कधी? त्यांचं काही विकत घेतलंत? तुम्हालाही गायकच पाहिजे, फक्त जुना पाहिजे."

दादाचे कान लाल झाले. पण तो पक्का चाहता, नावं तोंडपाठ. रस्त्यावरची नजर न हलवता त्याने खडाखड म्हणून दाखवली, "अतुल मित्तल, केम त्रिवेदी, केनी पुरी."

पुतण्या फोनवर टाइप करत होता. "मित्तल, त्रिवेदी अँड पुरी," तो म्हणाला. "बाबा, हा बँड आहे की सीएची फर्म?"

चहापत्तीवाल्या मित्राचा नेमका तेव्हाच फोन आला. दादाने तो स्पीकरवर घेतला आणि पहिलं वाक्य टाकलं, "तुला 'पहचान'ची कॅसेट दिली होती ती परत कर."