आईंची हजार वॉनची नोट

सासूबाई कराडहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे दक्षिण कोरियात सुवॉनला आल्यात. आल्यापासून त्यांना काय काय दाखवलं त्याची यादी करायची म्हणलं तर पान भरेल. सोलमधला राजवाडा झाला, हान नदीतली बोट झाली, डोंगरावरचा टॉवर झाला, आणि सगळ्यावर त्यांचं एकच मत, "चांगलंय. स्वच्छ आहे." बास. त्यामुळे योंगिनच्या कोरियन फोक व्हिलेजला जाताना मी काही अपेक्षा ठेवल्याच नव्हत्या. आणि तिथेच भांडण झालं. म्हणून ही पोस्ट.

रविवार ठरवला आणि शनिवारी रात्री कळलं की रविवारी संकष्टी. आईंनी कालनिर्णय पिशवीत घालूनच आणलंय. आता चंद्रोदय पुण्याचा धरायचा की सुवॉनचा यावर मायलेकात अर्धा तास चर्चा झाली, मी झोपून गेले. सकाळी सुवॉन स्टेशनवरून ३७ नंबरची बस. पोचेपर्यंत तास गेला, पण एका कॉलेजच्या पोराने टुणकन उठून आईंना जागा दिली त्यामुळे त्या खूश होत्या. तिकीट मोठ्या माणसाला तीस हजार वॉनच्या वर, म्हणजे आपले दोन हजार धरा. हा आकडा मी आईंना सांगायला नको होता. सांगितला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे म्हणजे काचेच्या कपाटांचं म्युझियम नाही, अख्खं गाव आहे. जोसॉन राजघराण्याच्या काळाच्या शेवटी शेवटी कोरियात लोक कसे राहायचे ते दाखवायला अडीचशेच्या वर घरं उभी केलीत. त्यातली कितीतरी देशभरातून उचलून आणून परत जोडलेली. १९७४ ला उघडलं. गंमत बघा, त्याच सुमाराला सरकारची ग्रामसुधारणेची मोहीम जोरात होती आणि खेड्याखेड्यातून गवताची छपरं उतरवून पत्रे नि कौलं चढवत होते. म्हणजे एकीकडे पाडत होते आणि दुसरीकडे तिकीट लावून बांधत होते. आपण फक्त पहिला भाग केला.

आमची गाईड म्हणजे आमची लेक रेवा, वय वर्षं आठ. शाळेच्या ट्रिपबरोबर ती इथे आधी येऊन गेलेली आणि तिचं कोरियन आमच्या दोघांपेक्षा पुढे, त्यामुळे दिवसभर तिचा रुबाब. पहिल्याच घरात तिने आजीला स्वयंपाकघरात नेलं. खोल्यांपेक्षा दोन-तीन पायऱ्या खाली असलेलं, मातीचं, मोठमोठ्या लोखंडी कढया चुलीवर कायमच्या बसवलेल्या. चुलीत खरंच जाळ होता. आईंनी वाकून बघितलं आणि विचारलं, धूर कुठे जातो? तर तो शेजारच्या खोलीच्या फरशीखालून दगडी बोळातून फिरतो आणि पार पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो, जाता जाता फरशी तापवतो. हेच ते ओंदोल. आमच्या फ्लॅटमध्ये पण हेच आहे, फक्त धुराऐवजी गरम पाण्याचे पाइप. आल्यापासून आई पलंग सोडून खालीच झोपतात आणि "थोडं वाढव की गं" म्हणतात आणि गॅसचं बिल मी नवऱ्याला दाखवते. त्यांनी त्या खोलीच्या जमिनीवर तळहात टेकवला आणि म्हणाल्या, "म्हणजे एका जाळावर भात पण आणि अंथरूण पण." इतकं लांब वाक्य महिन्याभरात पहिल्यांदाच.

मग जातं दिसलं. खुंटा वरून नाही, बाजूने आडवा घुसवलेला. रेवा म्हणाली याच्यात भिजवलेलं सोयाबीन आणि पाणी घालून दळतात आणि त्याचं तोफू करतात. आई उखडल्याच. जात्यात पाणी? ओलं वाटायला पाटा-वरवंटा असतो, रगडा असतो, जात्यात पाणी कोण घालतं? रेवा म्हणे आजी, हे इथलं जातं आहे. आजी म्हणे कुठलंही असू दे. रिकामं जातं दोघींनी मिळून चार फेरे फिरवलं, तोंडं चालूच होती.

आणि मग ते मोठ्ठं घर आलं. सरदार-जमीनदारांचा वाडाच म्हणायचा. १८६१ साली आमच्या सुवॉनमध्येच बांधलेला आणि १९७३ ला तिथून काढून इथे आणून बसवलेला. याला म्हणतात नव्व्याण्णव कानांचं घर. शंभर पुरे करायचे नाहीत, तो फक्त राजाचा मान, असं म्हणतात. नवरा मोबाइलवर वाचून सांगत होता की कान म्हणजे दोन खांबांमधली जागा, तर आई त्याच्याकडे अशा बघायला लागल्या की याला इंजिनिअर कुणी केला. "अरे मग खण म्हण की! माझ्या माहेरचं माजघर सोळा खणांचं होतं." खरंच की. कान आणि खण. अर्थ तोच, आवाजही जवळजवळ तोच. योगायोग असणार, पण मी तिथे अंगणात उभी राहून पाच मिनिटं खांब मोजत बसले. आई तोपर्यंत लाकडी ओसरीवर जाऊन बसल्या होत्या, गुडघे दाबत, स्वतःच्याच वाड्यात असल्यासारख्या.

आता मुख्य गोष्ट.

दुपारी दोरावरचा खेळ होता. जुलतागी. आम्ही जरा उशिरा पोचलो, पुढच्या जागा गेलेल्या, पण आईंना एका बाईंनी सरकून बसवून घेतलं. मैदानात दोन्ही टोकांना लाकडांची कैची आणि मध्ये ताणलेला जाड दोर, माणसाच्या डोक्याच्या बराच वर. खाली सनई-ढोल टाइप वाजवणारे बसलेले आणि एक विदूषक. मी ती कैची बघितली आणि मला काहीतरी आठवायला लागलं, पण बोलल्या आई. अगदी मोठ्याने. "अगंबाई, डोंबारी!"

वर चढलेला माणूस पांढऱ्या कपड्यात, हातात फक्त एक घडीचा पंखा. आपल्याकडे तोल सांभाळायला आडवी काठी असते, इथे पंखा. चार पावलं चालला की थांबून खालच्या विदूषकाशी वाद घालायचा, लोकांना टोमणे मारायचा. रेवा भाषांतर करत होती, "तो म्हणतो टाळ्या कमी आहेत, एवढ्यात मी फक्त अर्धाच दोर चालीन." मग तो मुद्दाम घसरल्यासारखा दोरावर बसकण मारायचा आणि दोराच्याच झोक्याने उसळून परत उभा. एकदा तर हवेत वळून उलट्या तोंडाने उतरला. बसला की दोर करकरायचा, तो आवाज आमच्यापर्यंत येत होता. आईंचा हात प्रत्येक वेळी स्वतःच्या छातीवर.

नवऱ्याचं मोबाइल वाचन चालू. १९७६ पासून हा इथला राष्ट्रीय वारसा आहे, २०११ ला युनेस्कोच्या यादीत गेला. आणि पूर्वी हे खेळ करणारे लोक समाजात सगळ्यात खालचे धरले जायचे, गावोगाव हिंडायचे.

"पगार असतो का त्याला?" आई.

"असणारच की."

"पेन्शन?"

"आई, आता ते मला कसं माहीत असणार!"

खेळ संपला. लोक टाळ्या वाजवून उठायला लागले. आणि आईंनी कमरेची पिशवी उघडली, त्यातून हजार वॉनची घडी घातलेली निळी नोट काढली आणि दोराच्या दिशेने निघाल्या. तो माणूस खाली उतरून घाम पुसत उभा होता. मी धावले. धावले म्हणजे अक्षरशः धावले आणि त्यांचं मनगट धरलं.

"आई, नका. इथे देत नाहीत."

"का?"

"टिप देत नाहीत इथे कुणी. अपमान वाटतो त्यांना."

त्याला अपमान वाटला असता का? मला काय माहीत! टिप देत नाहीत एवढं खरं, पुढचं मी जोडलं. मला फक्त आजूबाजूचे लोक बघतायत हे दिसत होतं. परदेशात राहणाऱ्यांना हा एक रोग असतो, आपल्या माणसांनी काहीतरी वेगळं केलं की आधी आजूबाजूला बघायचं.

"खेळ बघून तसंच उठू नये गं," आई म्हणाल्या. "पोरं अंगावर येतात फुकट बघितलं की."

"फुकट कुठे, तीस हजार दिलेत माणशी!"

"ते गेटावरच्याला दिले. याला कुठे दिले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तेवढ्यात तो माणूस आत निघून गेला. आईंनी नोटेची परत घडी घातली, पिशवीची चेन लावली, आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.

मला तेव्हा उगाच काय काय आठवायला लागलं. लहानपणी सांगलीला आमच्या गल्लीत डोंबारी आला की माझी आई मला चार आणे द्यायची आणि दोरावरची मुलगी माझ्याएवढीच असायची. ताटली घेऊन ती समोर आली की मी तिच्या डोळ्यात न बघता पैसे टाकायचे. आणि शेवटचा डोंबारी बघितला तो पुण्यात सिग्नलला, रस्त्याच्या कडेला. दोर लावायची तयारी चालली होती, ढोलकी वाजत होती, मी रिक्षात होते, सिग्नल सुटला. तेव्हाही पर्स मांडीवरच होती. असो.

पुढचे दोन तास अबोल्यात गेले. जेजू बेटावरची घरं बघितली. वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून गवतावर दोरांची जाळी बांधलेली, आणि फाटकाला दार नाहीच, नुसते तीन आडवे वासे. एकही लावलेला नसेल तर मालक घरात, एक असेल तर इथेच कुठेतरी गेलाय, तिन्ही असतील तर लांब गेलाय, संध्याकाळपर्यंत येत नाही. एरवी यावर आईंनी दहा प्रश्न विचारले असते. कचेरीत आरोपीला पालथा बांधून फटके मारायचं बाकडं आहे, त्यावर नवऱ्याला झोपवून रेवाने मनसोक्त फटके मारले, तो फोटो फॅमिली ग्रुपवर हिट आहे. खायचं म्हणाल तर बाजारात सगळं मिळतं, पण भज्यासारखं दिसतं त्यात कोळंबी आणि भाजीसारखं दिसतं त्यात मासळीचं पाणी. आणि आईंची तर संकष्टी. शेवटी एका टपरीवर भाजलेली रताळी दिसली आणि मला देव भेटल्यासारखं झालं. मी दोन घेतली, सोलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी खाल्ली. "गोड आहेत" हे त्या रेवाला म्हणाल्या.

निघायच्या वाटेवर भिकारी होता.

म्हणजे खरा नव्हे. इथे जोसॉन काळातली पात्रं करणारे नट गावभर फिरत असतात, शिपाई, खेडूत बाया वगैरे, आणि त्यात भिकारी सगळ्यात लोकप्रिय. हा गवताच्या चटईवर लोळत होता, तोंडाला काजळी, केस पिंजारलेले, समोर फुटकी वाटी, आणि भोवती पोरांचा हा गराडा. वाटीत चॉकलेटं, चिप्सचं पाकीट, थोडी नाणी. नवरा म्हणाला, "आई, तो नट आहे हां, पगारी." आईंनी ऐकलं की नाही माहीत नाही. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला.

या वेळी मी जागची हलले नाही. ताकदच नव्हती.

आईंनी नोट वाटीत नाही टाकली, वाकून त्याच्या हातात दिली. तो क्षणभर खरंच गडबडला, मग एकदम भानावर आल्यासारखा उठला आणि त्यांच्यासमोर जमिनीला कपाळ टेकवून कोरियन पद्धतीचा पूर्ण नमस्कार घातला. पोरं खिदळली. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्या पिंजारलेल्या केसांवर, आणि म्हणाल्या, "सुखी राहा. अंघोळ कर."

तो काहीतरी बोलला. सगळे हसले.

"काय म्हणतो गं?"

"आजी, तो म्हणतो माझी बायको पण भिकारी आहे, तिचे पण द्या."

"लबाड आहे मेला," आई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. दुसरी नोट काही काढली नाही. पण जाताना पुन्हा मागे वळून बघितलं, आणि रेवाकडून पाकिटातली दुसरी हजाराची नोट उघडून घेऊन त्यावरचा टोपीवाला विद्वान बघत म्हणाल्या, "हा पण याच गावातला दिसतोय."

परतीच्या बसमध्ये त्या झोपल्या. चंद्र सुवॉनचा धरला एकदाचा, बाल्कनीतून ओवाळला, जेवणं झाली. मी भांडी आवरत होते तर आतून कराडच्या मावशींशी व्हिडिओ कॉल चाललेला ऐकू आला. राजवाडा, बोट, टॉवर यातलं काही नाही. जात्यात पाणी घालतात हे सांगून झालं, खण सांगून झाले. मग आवाज जरा खाली गेला, पण आमच्या फ्लॅटमध्ये आवाज खाली गेला तरी सगळं ऐकू येतंच.

"डोंबाऱ्याचा खेळ बघितला गं, किती वर्षांनी. काय उडत होता पोरगा! पण हिने पैसे देऊ दिले नाहीत."