बीपीच्या पट्ट्याखाली वळलेला हात

आमच्या धर्मादाय रुग्णालयात फिट्सच्या रुग्णांची ओपीडी दर सोमवारी असते. मे महिन्यातल्या त्या सोमवारी सोलापूरचे ऊन सकाळी दहालाच अंगावर येत होते आणि बाहेरचे बाक भरल्यामुळे काही रुग्ण भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. त्यांच्यात विडी घरकुल भागातून येणारी चौतीस वर्षांची एक बाई होती. तिला अठराव्या वर्षापासून फिट्स येत, आणि तेव्हापासून म्हणजे सोळा वर्षे ती फेनिटॉइन व फिनोबार्बिटोन या गोळ्या न चुकता घेत होती. ती माझ्याकडे तीन वर्षे येत होती, आणि तिची केस मला पूर्ण माहीत आहे अशी माझी समजूत होती.

नाव पुकारल्यावर ती उठली नाही, म्हणून मी दारातून पाहिले. तिने आधी एका कुशीवर वळून गुडघा टेकला, मग दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांवर रेटत अंग वर उचलण्याचा प्रयत्न केला आणि ती अर्ध्यातच थांबली. शेवटी आईने काखेत हात घालून तिला उभे केले. आत येताना प्रत्येक पावलागणिक तिचे शरीर कधी डाव्या, कधी उजव्या बाजूला झुकत होते. तीन वर्षांत मी तिला चालताना कधी पाहिलेच नव्हते, कारण मी मागच्या रुग्णाचे लिहून मान वर करेपर्यंत आईने तिला स्टुलावर बसवलेले असे.

सहा आठवड्यांपूर्वी मी तिचा फेनिटॉइनचा डोस वाढवला होता. "फिटा वाढल्यात डॉक्टर, हात वाकडे होतात," असे तिच्या आईने सांगितले होते आणि मी तेवढ्यावर तीनशेचे साडेतीनशे मिलिग्रॅम केले होते. कंबर आणि मांड्या दुखण्यावर ती दुसरीकडून दीड वर्ष संधिवाताच्या नावाखाली वेदनाशामक गोळ्या घेत होती. मी ते कागद पाहिले होते आणि पुन्हा पिशवीत घालायला दिले होते.

त्या दिवशी सिस्टर तिचा रक्तदाब मोजत होत्या. बाहेरच्या गोंगाटात ठोका नीट ऐकू आला नाही, म्हणून त्यांनी पट्टा सैल न करताच पुन्हा हवा भरली आणि तो काही मिनिटे दंडावर आवळलेला राहिला. तेवढ्यात बाईचा हात मनगटातून आत वाकला, बोटे एकमेकांना चिकटून ताठ झाली आणि अंगठा तळव्यात शिरला. आई चटकन म्हणाली, "हीच बघा फिट." बाई मात्र माझ्याकडे बघत होती, पूर्ण शुद्धीवर होती आणि "दुखतंय, काढा," म्हणत होती.

मी तिला विचारले, "ताई, घरी हात असा होतो तेव्हा तुम्हाला ऐकू येतं का?"

"सगळं ऐकू येतं. तोंडाभोवती मुंग्या येतात, मग हात वळतो. पहिल्यासारखी फिट नाही ती."

पहिल्यासारखी फिट नाही, हे तिला ठाऊक होते. तिला ते कोणी विचारलेच नव्हते आणि त्या कोणींत मी पहिला होतो. रक्तातले कॅल्शियम फार खाली गेले की मज्जातंतू इतके हळवे होतात की दंडाचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखला तरी हाताला असा पेटका येतो. ट्रूसो यांच्या नावाने ओळखले जाणारे हे लक्षण प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतो. मीही केले होते, आणि सहा आठवड्यांपूर्वी ते मला आठवले नव्हते.

दुपारपर्यंत रिपोर्ट हाती आले. कॅल्शियम साडेआठच्या वर असायला हवे, ते 6.1 होते. फॉस्फरस कमी, हाडांच्या आजारात वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज कित्येक पट जास्त, मूत्रपिंडाचे काम मात्र व्यवस्थित होते. ईसीजीत क्यूटी अंतर लांबले होते, म्हणजे हृदयाच्या ठोक्याची लय बिघडण्याचा धोका होता. आम्ही तिला लगेच दाखल करून घेतले आणि मॉनिटरवर नजर ठेवून कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून अगदी सावकाश दिले. ओटीपोटाच्या एक्स-रेत जांघेच्या हाडांवर आणि मांडीच्या हाडाच्या मानेवर आडव्या फिकट रेघा होत्या. खनिज न भरलेल्या मऊ हाडाला पडणाऱ्या या भेगा लूझर झोन म्हणून ओळखल्या जातात. हा संधिवात नव्हता, ऑस्टिओमलेशिया होता. लहान मुलांतल्या मुडदुसाचा मोठ्या वयातला अवतार. ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट बाहेरच्या प्रयोगशाळेतून चार दिवसांनी आला. यंत्राला मोजता येईल त्या किमान पातळीच्याही खाली तो आकडा होता. वीस नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता मानतात, बाराच्या खाली ती तीव्र समजली जाते.

वॉर्डात मी हे समजावत असताना तिच्या आईने विचारले, "डॉक्टर, सोलापुरात राहून ऊन कमी पडतं होय? उन्हाचंच तर गाव आपलं."

हा प्रश्न मला अगदी रास्त वाटला, म्हणून मी खुर्ची ओढून बसलो आणि त्या दोघींकडून त्यांचा दिवस ऐकला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. हजार वळल्या तर त्या दिवसाची मजुरी मिळते. भिजवलेले तेंदूचे पान उन्हावाऱ्यात कडक होते आणि वळताना फाटते, म्हणून बसायचे ते घराच्या आतल्या अंगाला, पाने ओल्या फडक्याखाली ठेवून. वळलेला माल कारखान्यात पोचवायला आई जाते, कारण वाटेत फिट आली तर काय, या भीतीने लेकीला लग्नाच्या वयापासूनच घराबाहेर पाठवलेले नाही. ती घरातल्या मागच्या खोलीत बसून चाळीस अंशांचे ऊन फक्त उकाडा म्हणून सोसत होती.

त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते 290 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांमुळे, उष्णतेमुळे नव्हे. हे किरण खिडकीची काच ओलांडत नाहीत, आणि सूर्य खाली असताना वातावरणातच बहुतांश अडतात. बाळाला न्हाऊमाखू घालून कोवळे ऊन दाखवण्याची आपली रीत मायेची आहे, पण सात वाजताच्या कोवळ्या उन्हात हे किरण अगदीच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन यासाठी उपयोगी असते. त्या वेळेला सोलापुरात मे महिन्यात कोणालाही उन्हात बस म्हणून सांगणे उष्माघाताला बोलावणे ठरेल, त्यामुळे तो सल्ला मी हिवाळ्यासाठी राखून ठेवला.

पण नुसत्या उन्हाच्या अभावाने तिची इतकी दशा झाली नसती. तिच्या शेजारणीही तशाच घरात बसून विड्या वळतात. फरक होता तो गोळ्यांचा. फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन यकृतातली काही विकरे (एन्झाइम) वाढवतात, आणि ती विकरे ड जीवनसत्त्वाचे वेळेआधीच विघटन करतात. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे. त्वचेत मुळातच थोडे तयार होत होते, तेही गोळ्या जाळत होत्या. आहारात दूध केवळ चहापुरते, त्यामुळे कॅल्शियमही कमी. आणि कॅल्शियम कमी झाल्याने हात वळू लागले, तेव्हा त्यांना फिट समजून मी तीच गोळी वाढवली. ही साखळी मी केसपेपरवर तारखांसह लिहून काढली, तेव्हा वाढवलेल्या डोसाखाली माझीच सही होती. मी ते त्या दोघींना सांगितले. आई काही बोलली नाही. लेक म्हणाली, "आता तरी कळलं ना."

उपचारांत कॅल्शियम होतेच. ड जीवनसत्त्वाची मात्रा मात्र नेहमीपेक्षा बरीच मोठी लागली, कारण जुन्या गोळ्यांचा परिणाम चालूच होता. त्या एकदम थांबवल्या असत्या तर खरी फिट आली असती. म्हणून लेव्हेटिरासेटाम सुरू करून जुन्या गोळ्या महिनोन्महिने थोड्या थोड्या उतरवल्या. ही नवी गोळी ती विकरे वाढवत नाही, पण जुन्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत आणि ही मिळत नव्हती. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाने सहा महिन्यांची सोय केली. पुढची अजून दर वेळी नव्याने करावी लागते आणि ती खंत मला सारखी असते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण सध्या मधुमेहापासून थकव्यापर्यंत प्रत्येक जुनाट दुखण्यावर ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी लिहिली जाते. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या व्हायटल चाचणीचे निष्कर्ष 2018 साली आले. रोज दोन हजार युनिट पाच वर्षे घेऊनही कर्करोग किंवा हृदयविकाराचे प्रमाण कमी झाले नव्हते. ज्यांच्यात मुळात फारशी कमतरता नव्हती अशाच लोकांची संख्या तिथे जास्त होती. उलट गरज नसताना सहा लाखांची इंजेक्शने पुन्हा पुन्हा घेऊन कॅल्शियम वाढलेले, उलट्या आणि मूत्रपिंडाचा त्रास घेऊन आलेले रुग्णही मी दाखल केले आहेत. जिथे कमतरता हाडांपर्यंत पोचली आहे तिथे मात्र हे औषध जे करते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तीन आठवड्यांत तिचे हात वळणे थांबले. दोन महिन्यांनी ती पलंगावरून आधाराशिवाय उठू लागली. जांघेतले दुखणे सर्वांत चिवट निघाले, पण दिवाळीनंतरच्या एक्स-रेत डाव्या बाजूची रेघ भरून आली होती आणि उजवीची पुसट झाली होती. आमच्या सोमवारच्या केसपेपरवर आता कॅल्शियमसाठी एक रकाना आहे आणि दाराजवळचा स्टूल मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवला आहे, म्हणजे रुग्णाला माझ्यासमोर चार पावले चालावे लागते.

डिसेंबरच्या त्या भेटीत लेक आधी चालत आत आली आणि स्टुलावर बसली. आई मागून आली, भिंतीला हात टेकवत. तिनेही चाळीस वर्षे त्याच खोलीत विड्या वळल्या होत्या. मी सिस्टरना सांगून आईच्या नावाचा नवा केसपेपर काढायला लावला.