चुन्यात अस्मानी रंग बसवताना

इंदूरच्या जुन्या वाड्यांत दिवाळीआधी चुन्याची पुताई निघते, तेव्हा भिंतीला अस्मानी छटा हवी असेल तर नीळ पावडरच घ्या. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन नावाचे निळे रंगद्रव्य. चुन्यासारख्या अल्कलीत ती टिकते, आम्लात मात्र उडते. प्रशियन ब्लू ही दुसरी निळी पावडर उलट: चुन्यात तिचे विघटन होऊन भिंत तपकिरी पडते. कपड्यांची पातळ नीळ तर नकोच, तो नुसता डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग आहे, उन्हात टिकत नाही.

चुना विरवून रात्रभर मुरू द्या, फडक्याने गाळा. नीळ आधी थोड्या पाण्यात घोटून लेप करा; कोरडी टाकली तर गाठी राहतात आणि ब्रश फिरला की भिंतीवर गडद रेघा उमटतात. दहा किलो मुरलेल्या चुन्याला साधारण दीडशे ग्रॅम पुरे. नुसती नीळ जांभळटाकडे झुकते, म्हणून चुन्यात टिकणाऱ्या हिरव्या पावडरीची चिमूट घाला. जास्त झाली की मोरपंखी!

ओला रंग फसवतो. वाळल्यावर तो बराच फिकट होतो, म्हणून कोपऱ्यात हातभर पट्टा मारून दुसऱ्या दिवशीच ठरवा. अख्ख्या भिंतीचे एकदमच कालवा, दुसरी बादली कधीच जुळत नाही. नीळ तळाशी बसते, मधूनमधून ढवळा. भिंत आधी ओलवा. तापल्या भिंतीवर चुना भराभर सुकून भुरभुरतो. खाली ऑइल पेंट असेल तर खरवडल्याशिवाय हात लावू नका.