खाडा

पाळी परत आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. वास्तविक ती येणारच होती. उष्टावण झाले, बाळ नाचणीचे सत्त्व खाऊन रात्री सलग झोपू लागले, आणि ज्या चोखण्यामुळे मेंदूकडून बीजकोशांकडे जाणारे संकेत इतके महिने दबून राहिले होते, तेच विरळ झाल्यावर शरीराने आपले जुने काम पुन्हा हाती घेतले. हे सारे समजते. तरीही मला न विचारता झाले, असे वाटत राहते.

सासूबाई सहज म्हणाल्या, "आता दूध आटायला लागेल हं." डॉक्टरांनी ते खोडून काढले. पाळीच्या आसपास दूध थोडे कमी उतरते, मग पूर्ववत होते. पाजणे थांबवू नका, म्हणाल्या. पण त्या संध्याकाळी बाळाने दोन घोट ओढले, सोडले, पुन्हा धरले आणि चिडून पाठीची कमान केली. स्तनाग्रे आधीच हुळहुळी झालेली. थोड्या वेळाने तेच बाळ सत्त्व चमच्यासकट गिळायला निघाले. मला त्या वाटीचा मत्सर वाटला.

पाळी आल्याचे वाईट वाटते की बाळाला माझ्यावाचून चालू लागल्याचे, हे काही ठरत नाही. आई असती तर तिला विचारले असते, ते असो.

पुढची पाळी लांबली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. "पाजते आहेस ना, मग दिवस राहत नाहीत," हे शेजारच्या काकूंचे आश्वासन अर्धेच खरे आहे. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे तज्ज्ञांनी मान्य केलेले ९८ टक्के संरक्षण बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला जवळजवळ केवळ अंगावरचेच दूध मिळत असेल आणि पाळी आलेली नसेल, तरच मिळते. आमच्याकडे तिन्ही अटी मोडलेल्या. शिवाय स्त्रीबीज पहिल्या पाळीच्या आधीही बाहेर पडू शकते. तपासणीत काही निघाले नाही. पाजत असताना चक्र काही काळ असेच मागेपुढे होते म्हणे.

तेव्हापासून कालनिर्णयावर पेन्सिलीने फुली करते. दूधवाल्याचे खाडेही त्याच पानावर असतात. परवा ह्यांनी हिशेब करताना माझ्या फुल्याही त्यात धरल्या आणि त्याचे पैसे कापले. तो बिचारा शपथा घेत होता. मी मध्ये पडून पूर्ण पैसे द्यायला लावले. कारण विचारले, तर ऐकू न आल्यासारखे करून आत निघून गेले.