यावर नाही कोण म्हणेल?

जानेवारी 2024. दहावीची पूर्वपरीक्षा संपली होती, बोर्डाचा पेपर सव्वा महिन्यावर आला होता आणि माझ्यापुढे मराठीच्या 51 उत्तरपत्रिका पडल्या होत्या. वैचारिक लेखनाला ‘पाणी : काळाची गरज’ हा विषय मीच काढलेला. 38 जणांनी तो घेतला आणि त्यातल्या 33 जणांचा निबंध ‘पाणी म्हणजे जीवन’ याच वाक्याने सुरू झाला. पोरांचा दोष नाही. ते वाक्य ऑगस्टमध्ये फळ्यावर मीच लिहून दिलं होतं. आमच्या लातूर जिल्ह्यात मार्कांची शेती जोरात चालते. आकर्षक सुरुवात, एखादं सुभाषित, मध्ये दोन म्हणी, शेवटी ‘चला तर मग, शपथ घेऊया’. एवढं खतपाणी वेळेवर पडलं की 8 पैकी 6 कुठे जात नाहीत.

रात्री अकराच्या सुमारास एका मुलीचा पेपर हातात आला. सुरुवात तीच, म्हणी त्याच. शेवटच्या परिच्छेदात मात्र एक ओळ खोडलेली होती. खाडाखोडीखाली लाल रेघ मारायची म्हणून पेन टेकवला आणि सहज वाचली : ‘लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा आमच्या गावाबाहेरचा ऊस हिरवाच होता.’ पुढे लगेच, न खोडलेलं, ‘म्हणून आपण सर्वांनी पाणी जपून वापरले पाहिजे.’

मी पेन ठेवून दिला. 33 निबंधांत म्हणावं असं एकच वाक्य होतं, तेही पोरीनं स्वतः खोडून टाकलेलं.

सकाळी तिला विचारलं, का खोडलंस?

‘‘सर, ते निबंधातलं वाटंना.’’

तिची परवानगी घेऊन मी तिचं नाव न सांगता दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. वर ‘पाणी म्हणजे जीवन’, खाली तिचं. आणि विचारलं, ‘‘यातल्या कोणत्या वाक्याला कोण नाही म्हणेल?’’

पहिल्याला कुणीच नाही. ‘‘मासा बी न्हाई म्हणणार न्हाई सर,’’ एकजण बोलला. दुसऱ्या वाक्याला मात्र शेवटच्या बाकावरून हात वर आला. ‘‘मी म्हणतो. ऊस आमचाच हाय.’’ वर्ग हसला. त्याला काही हसू आलं नाही.

आता हे सगळं 2016 चं. ही पोरं तेव्हा सात-आठ वर्षांची. मांजरा धरण कोरडं पडलं, शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि 11 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे, ‘जलदूत’, निघाली. सुमारे साडेतीनशे किलोमीटर येऊन दुसऱ्या दिवशी ती लातूरला पोचली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, प्रत्येकीत 50 हजार लिटर. पोरांना आकडे ठाऊक नव्हते, पण घागरींच्या रांगा आठवत होत्या.

मी म्हटलं, नुसतं हिरवा ऊस दिसला हे झालं निरीक्षण. त्यावरून तुझं म्हणणं काय? मुलीनं उभं राहून थेट सांगितलं, ‘‘पाऊस कमी पडला म्हणून न्हाई, ऊस जास्त लावला म्हणून रेल्वे लागली.’’

शेवटचा बाक उसळला. ‘‘पाऊस कमी पडला न्हाई का? दोन वर्सं पडला न्हाई! आणि ऊस लावू नको तर काय लावू? उसाचा दर सरकार हंगामाआधी ठरवतं. सोयाबीनचं रोजचं येगळं. गारपिटीत सोयाबीन झोपतं, ऊस उभा ऱ्हातो. तोडायला टोळी येती, कारखाना घेऊन जातो. तुम्ही शहरातली लोकं बोलायलेत नुस्तं.’’ हे शेवटचं बहुधा मलाच होतं.

इतकी वर्षं निबंध शिकवतोय, पण निबंधावरून वर्गात भांडण झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. एरवी भांडण असतं ते मार्कांवरून.

मी खडू त्या मुलीच्या हातात दिला. ‘‘तो म्हणतोय त्यातलं खरं काय ते आधी मान्य कर. मग राहिलेलं तुझं.’’ तिनं पुसलं, लिहिलं, परत पुसलं. ‘पाऊस कमी पडला म्हणून न्हाई’ हा भाग पहिल्यांदा गेला, कारण तो खोटाच होता. 2014 आणि 2015 दोन्ही वर्षं पावसाने दगा दिला होता. चौथ्या खेपेला फळ्यावर उरलं ते असं : ‘दोन वर्षं पाऊस कमी पडला हे खरं असलं तरी, प्यायच्या पाण्याआधी उसाला पाणी मिळत राहिलं म्हणून लातूरवर रेल्वेची वेळ आली.’

त्यातल्या ‘असलं तरी’ला मी खडूने गोल केला. व्याकरणाच्या तासाला आपण यातल्या ‘तरी’ला उभयान्वयी अव्यय म्हणून सोडून देतो. इथे ते समोरच्याला आधी खुर्ची देत होतं, आणि मगच आपलं बोलत होतं.

मग तिचा जुना निबंध घेतला आणि एकेक ओळीला विचारत गेलो : तू गेलीस तर या म्हणण्याचं काही अडतं का? ‘थेंबे थेंबे तळे साचे’ गेलं. पृथ्वीचा 71 टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे, तेही गेलं. खरं आहे, पण लातूरच्या नळाला त्याचा काय उपयोग? दात घासताना नळ बंद ठेवा, हे जाताना वर्गच हसला, कारण 2016 मध्ये नळच कुठे होता. उरल्या साडेचार ओळी. ती घाबरली. मी म्हटलं, आता प्रत्येक ओळीला ‘कशावरून?’ विचार, पान आपोआप भरेल. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो, सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं, ही ओळ तिला शेवटच्या बाकानेच दिली.

दुसऱ्या एका पोरानं त्याचा ‘मोबाईल : शाप की वरदान’ आणून दाखवला. योग्य वापर केला तर वरदान, अतिवापर केला तर शाप. ‘‘यावर नाही कोण म्हणेल?’’ त्यानं स्वतःच विचारलं आणि स्वतःच कागद चुरगळला.

घंटा झाल्यावर मुलीनं विचारलं, ‘‘सर, बोर्डाला हे चालंल का?’’

खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती. पेपर कुणाकडे जाईल, त्याला किती गठ्ठे संपवायचे असतील, मी कसं सांगणार? ‘‘पहिलं वाक्य तुझंच लिही,’’ मी म्हटलं, ‘‘आणि एक म्हण ठेव. असू दे.’’ हा सल्ला शूराचा नव्हता, हे मला कळतं.

सोमवारी सगळ्यांनी निबंध पुन्हा लिहून आणला. शेवटच्या बाकाची वही सगळ्यात खाली होती. तीन वाक्यं लिहून खोडलेली, चौथं ठेवलेलं : ‘उसाइतका हमखास दर दुसऱ्या पिकाला नसला तरी, आमच्या भागात ठिबक केल्याशिवाय ऊस लावू देऊ नये, मग तो आमचा का असेना.’ खाली पान भरून कारणं होती. खताचा, पाइपांचा, मोटारीच्या बिलाचा हिशेब होता, जो कुठल्याही गाइडात सापडत नाही.

समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सर, हे वडिलांना दाखवलं नाही.’

मी शेरा लिहिला नाही. सही केली आणि वही गठ्ठ्यात नाही, त्याच्या हातात दिली.